घरगुती केकची किंमत: साहित्याच्या दुपटीपासून तासांच्या हिशेबापर्यंत

पार्श्वभूमी

या प्रकरणातील महिलेला येथे केवळ ताई म्हटले आहे. ताई अनेक वर्षे घरातल्यांसाठी केक करत होत्या. हात चांगला बसला होता, आणि ओळखीतल्या एका बाईंनी मुलीच्या वाढदिवसासाठी केक करून द्याल का, पैसे घ्यावेच लागतील, असे म्हटले तेव्हा त्यांची पहिली ऑर्डर आली. किती घ्यायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. साहित्याला जेवढे पैसे लागले त्याच्या दुप्पट घ्यावे, असे कोणीतरी सांगितले होते. तोच नियम त्यांनी धरला आणि पुढे आठ महिने तो बदलला नाही.

आठव्या महिन्यात त्यांच्याकडे ११ ऑर्डर होत्या, शनिवार-रविवार संपूर्ण त्यात जात होता आणि हातात काय राहते हे त्यांना सांगता येत नव्हते. मी हिशेबाचे काम करते. ताईंशी जुनी मैत्री असल्यामुळे त्यांनी वही घेऊन मला बोलावले आणि पुढचे सहा महिने या विचारात मी त्यांच्याबरोबर होते. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे.

येथील रकमा चलनात दिलेल्या नाहीत. ताईंच्या एका तासाच्या कामाचा जो मेहनताना पुढे ठरला, तो १० धरून बाकी सर्व आकडे त्याच मापात बसवले आहेत. वाचणाऱ्याने १० च्या जागी आपल्या तासाचा दर ठेवला आणि आपला साहित्याचा खर्च घातला, की हाच हिशेब त्याच्या चलनात मांडता येतो.

अडचण कशी लक्षात आली

निमित्त झाले ते साखरेच्या फुलांच्या दोन मजली केकचे. ताईंच्या मामेबहिणीच्या ओळखीतून ती ऑर्डर आली होती. गिऱ्हाइकाने फोनवरच विचारले, "साधारण किती होतील?" आणि ताईंनी मनातल्या मनात साहित्य मोजून तिथल्या तिथे १८० सांगितले. त्या क्षणी फुलांचा विचार झालाच नव्हता. फुलांना साखरेची लगदी लागते, ती थोडीशीच लागते आणि तिला पैसेही फारसे पडत नाहीत, त्यामुळे साहित्याच्या यादीत फुले जवळजवळ दिसतच नाहीत.

प्रत्यक्षात काय झाले ते ताईंनी मला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. पाकळ्या लाटून, कापून, कडा पातळ करून त्यांनी ट्रेमध्ये वाळत ठेवल्या होत्या. रात्री अकराला बघितले तर हवेतल्या दमटपणाने त्या मऊ पडून तारेवरून झुकल्या होत्या. साखर हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे दमट दिवसांत अशा पाकळ्या वाळायला जास्त वेळ लागतो आणि वाळलेल्याही पुन्हा नरमतात. निम्म्या पाकळ्या नव्याने कराव्या लागल्या. वरचा फॉन्डंट, म्हणजे केकवर चढवायचे साखरेचे मऊ आवरण, एका कोपऱ्यात फाटला म्हणून तोही काढून पुन्हा चढवला. केक वेळेवर पोहोचला, गिऱ्हाईक खूश झाले आणि ताई दुसऱ्या दिवशी आजारी पडल्या.

आम्ही त्या केकचे तास आठवून लिहिले. गिऱ्हाइकाशी बोलणे आणि निरोपांची देवाणघेवाण दीड तास, नक्षीची आखणी एक तास, खरेदी दीड तास, भाजणे दोन तास, स्पंज कापून थर भरणे दोन तास, फुले सहा तास, फॉन्डंट चढवणे अडीच तास, मजले रचणे एक तास, भांडी आणि ओटा आवरणे एक तास, पोहोचवणे अर्धा तास. बेरीज १९ तास झाली. यातल्या बोलणे, आखणी, खरेदी, आवरणे आणि पोहोचवणे या साडेपाच तासांना ताई तोवर काम म्हणतच नव्हत्या.

मग पैसे मांडले. घेतले १८०. साहित्य ९०, बोर्ड, डबा आणि आधाराच्या काड्या १४, वीज ६, पोहोचवण्याचा प्रवास १०. उरले ६०. ते १९ तासांना वाटले तर तासाला ३ च्या थोडे वर पडतात. स्वतःच्या वेळेची त्यांनी जी किंमत पुढे ठरवली, तिच्या तृतीयांशापेक्षाही हे कमी होते.

दुपटीचा नियम कुठे चुकतो

एका केकवरून निष्कर्ष काढू नये म्हणून आणखी दोन केक तपासले. आठ इंचाचा, क्रीमचा, वर फक्त नाव लिहिलेला साधा केक: साहित्य ३०, घेतले ६०, डबा-बोर्ड ५, वीज ३, तास साडेतीन. उरले २२, म्हणजे तासाला सहाच्या आसपास. दुसरा, सुक्या मेव्याने भरलेला, वरून जवळपास कोरा केक: साहित्य ७०, घेतले १४०, डबा-बोर्ड ५, वीज ४, तास तीन. उरले ६१, म्हणजे तासाला २० च्या वर.

एकच नियम, एकच स्वयंपाकघर, तेच हात, आणि तासाची कमाई ३, ६ आणि २०. हे तीन आकडे शेजारी लिहिले तेव्हा ताई बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. दुपटीचा नियम मेहनतीचे माप मैद्या-लोण्याच्या वजनातून काढतो. साहित्य महाग आणि काम थोडे असेल तिथे तो भरपूर देतो, आणि साहित्य स्वस्त पण काम बारीक असेल तिथे तो करणाऱ्याला नागवतो. मागणीनुसार सजवलेल्या केकचे काम बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असते, म्हणून नवख्या माणसाला हा नियम जिथे सर्वांत जास्त वापरावासा वाटतो, तिथेच तो सर्वांत जास्त फसवतो. दुपटीऐवजी तिप्पट घ्यावे हा सल्लाही आमच्यासमोर होता. त्याने सगळे आकडे वर जातात, पण मेव्याचा केक आणखी अवाजवी महाग होतो आणि फुलांच्या केकचे दुखणे तसेच राहते.

आकाराचीही एक चूक सापडली. आठ इंचाच्या केकपेक्षा दहा इंचाच्या केकला ताई पाव पट जास्त घेत, कारण आठाचा पाव दोन. पण गोल टिनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची सारखी धरली तर दहा इंची केक आठ इंचीच्या १.५६ पट असतो, आणि सहा इंची केक ०.५६ पट, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. ताई दहा इंची केकला ७५ घेत होत्या आणि त्यात नुसते साहित्यच ४७ चे जात होते. चौकोनी टिनमध्ये तेवढ्याच रुंदीच्या गोल टिनपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त मिश्रण मावते, हेही त्यांनी कधी धरले नव्हते. याची दुसरी बाजू अशी, की केक लहान झाला म्हणून काम त्या प्रमाणात कमी होत नाही. नाव तेवढेच लिहायचे असते, भांडी तेवढीच पडतात. म्हणून सहा इंची केक निम्म्या किमतीत देणेही परवडत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दुकानाच्या भावाने, वजनावर विकण्याचा होता. गिऱ्हाइकाला तो समजायला सोपा जातो. पण दुकान एका भट्टीत अनेक केक काढते, साहित्य घाऊक घेते आणि ठरावीक नक्षी पुन्हा पुन्हा करते. त्याचा भाव त्या पद्धतीतून आलेला असतो. शिवाय वजन हे सजावटीचे माप नव्हे. फॉन्डंट जड असतो, फेटलेले क्रीम हलके असते, आणि साखरेच्या फुलाला तर वजनच नसते.

दुसरा पर्याय माणशी दर लावण्याचा होता. मोठ्या केकसाठी तो उपयोगी आहे, कारण किती जणांना पुरेल हेच गिऱ्हाईक आधी विचारते. तो आम्ही बोलण्यापुरता ठेवला, हिशेबाचा पाया म्हणून नाही.

तिसरे मत ताईंच्या यजमानांचे होते. आधी नाव होऊ दे, भाव नंतर वाढवता येईल, असे ते म्हणत. हे मत मी हलके मानत नाही. नवख्या माणसाला ओळख हवी असते आणि त्यासाठी काही काळ कमी कमावणे गैर नाही. पण तो काळ किती, आणि कमी म्हणजे किती कमी, हे ठरलेले नसेल तर नाव "स्वस्तात करून देणाऱ्या ताई" असेच होते. त्यांच्या ११ गिऱ्हाइकांपैकी सात जण आधीच्या गिऱ्हाइकांकडून भाव ऐकून आले होते, आणि वाढवलेला भाव ऐकायची त्यांच्यापैकी कोणाचीही तयारी नव्हती.

चौथा पर्याय खर्च आणि तास वेगळे मोजून त्यावर नफा धरण्याचा. तो निवडला. निवडणे सोपे होते, खरी अडचण त्यातल्या दोन गोष्टी ठरवण्यात आली: ताईंच्या तासाचा दर, आणि नवखेपणामुळे लागणारा जादा वेळ.

पहिला निर्णय: तासाचा दर

ताईंना स्वतःच्या तासाला किंमत लावणे अवघड गेले. घरच्या कामाचे पैसे कसले, हा विचार इतका खोल होता की पहिल्यांदा त्यांनी सांगितलेला दर मी वहीत लिहिलाच नाही. आम्ही प्रश्न बदलला. त्याच शनिवारी-रविवारी, तेवढ्याच तासांत, त्यांना येत असलेले दुसरे कोणते काम मिळू शकले असते आणि त्याचे किती मिळाले असते? त्या आधी शिकवण्या घेत असत. त्या शिकवणीचा तासाचा दर त्यांना पाठ होता. तोच १० म्हणून धरला. हा दर आकाशातून आला नव्हता, त्यांनी एकेकाळी तो मिळवला होता, म्हणून तो उच्चारताना त्यांना संकोच वाटला नाही.

दुसरा निर्णय: शिकण्याचा वेळ कोणी भरायचा

येथे आम्ही सर्वांत जास्त अडलो. फुलांना सहा तास लागले, पण सरावलेल्या हाताला ती चार तासांत झाली असती. सगळे तास लावले तर ताईंच्या नवखेपणाचे पैसे गिऱ्हाईक भरते. एकही जादा तास लावला नाही, तर हिशेबात तो दिसेनासा होतो आणि ताईंना वाटते की आपण कुठेतरी चुकतो आहोत.

तोडगा असा काढला. प्रत्येक कामाला एक रास्त वेळ ठरवायची, म्हणजे पाकळ्या मोडल्या नाहीत, फॉन्डंट फाटला नाही, तर लागला असता तेवढा वेळ. किंमत त्या वेळेवर लावायची. प्रत्यक्षात जास्त लागलेला वेळ वहीच्या वेगळ्या रकान्यात, शिक्षण म्हणून लिहायचा. त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, पण तो लपवायचाही नाही. फुलांच्या केकमध्ये फुलांचे दोन तास, फॉन्डंटचा एक तास आणि थर भरण्याचा अर्धा तास असे साडेतीन तास शिक्षणात गेले आणि रास्त वेळ साडेपंधरा तास ठरली.

तिसरा निर्णय: खर्चात काय धरायचे

वापरलेल्या साहित्याची किंमत ग्रॅमवर काढली, पुड्यावर नाही. अपवाद एकच ठेवला: एखादा रंग किंवा साचा फक्त त्याच ऑर्डरसाठी आणला आणि उरलेला पडून खराब होणार असेल, तर पूर्ण डबीची किंमत लावायची. स्पंजचा फुगलेला माथा कापून टाकला जातो, पायपिंग बॅगच्या टोकाशी क्रीम उरते, अंडे कधी फुटते. ही नासाडी साहित्याच्या खर्चातच धरली.

विजेची ताईंना फार धास्ती होती. २ किलोवॅटचा ओव्हन तासभर पूर्ण शक्तीने चालला तरी २ किलोवॅट-तास जातात, आणि ठरलेली उष्णता गाठल्यावर तो मधूनमधून बंद होत असल्याने खर्च त्याहून कमीच येतो. आधी तापवण्याचा वेळ धरूनही हा आकडा लहान राहिला. साध्या केकमध्ये ज्या खर्चाची त्या रोज काळजी करत तो ३ होता, आणि ज्याची कधीच केली नाही त्या साडेतीन तासांच्या वेळेची किंमत ३५ होती.

नफा वेगळा का धरायचा, असे ताईंनी विचारले, मेहनताना मिळाला की झाले ना? मेहनताना ताईंचा आहे, नफा कामाचा. बिघडलेला केक, नवे टिन, ओव्हनची दुरुस्ती, आणि जिथे घरून खाद्यपदार्थ विकायला नोंदणी लागते तिथे तिचा खर्च, हे सगळे त्यातून भागते. किमतीच्या २० टक्के नफा हवा असे ठरले. यात एक नेहमीची चूक होता होता राहिली. एकूण खर्चावर २० टक्के चढवले तर किमतीतला नफा १६.७ टक्केच होतो. २० टक्के राहायचे असतील तर एकूण खर्चाला ०.८ ने भागावे लागते, म्हणजे २५ टक्के चढवावे लागतात.

केलेली कृती

साध्या केकची रास्त वेळ तीन तास धरली. खर्च ३८, मेहनताना ३०, बेरीज ६८, भागिले ०.८, किंमत ८५. पूर्वी ६० होती. मेव्याच्या केकची किंमत याच रीतीने १३६ आली. पूर्वीची १४० होती, ती तशीच ठेवली. फुलांच्या केकचा खर्च १२०, मेहनताना १५५, किंमत जवळपास ३४४ आली, म्हणजे जुन्या १८० च्या दुपटीला थोडी कमी.

हा आकडा पाहून ताई म्हणाल्या, "इतके कोण देणार?" प्रश्न खरा होता. मग किंमत कमी करायची की काम कमी करायचे, असे दोन रस्ते समोर ठेवले. ताईंनी दुसरा धरला. पुढच्या गिऱ्हाइकाने तसलाच केक मागितला तेव्हा ३४४ सांगून, ते जास्त वाटत असेल तर एकाच बाजूला तीन फुलांचा गुच्छ आणि बाकी साधी नक्षी करता येईल, असेही सांगितले. काम दहा तासांवर आले, साहित्य थोडे कमी झाले आणि केक २७० ला ठरला.

गिऱ्हाइकापुढे तासांचा तपशील ठेवायचा नाही, हेही ठरवले. आकार आणि सजावटीच्या तीन पायऱ्या यांचा एक साधा तक्ता केला आणि फोनवर किंमत सांगणे बंद केले. "नक्षी बघते आणि उद्या सांगते" हे एक वाक्य ताईंनी अंगवळणी पाडले. निम्मी रक्कम बयाणा म्हणून घ्यायची, साहित्य आणल्यावर ती परत करायची नाही आणि ठरल्यानंतर नक्षी बदलली तर किंमत पुन्हा काढायची, हे तीन नियम ऑर्डर घेतानाच लेखी कळवले जाऊ लागले.

परिणाम

दोन महिन्यांनी ऑर्डर ११ वरून ७ वर आल्या. जुन्या हिशेबात महिन्याचे सुमारे ६२ तास जाऊन खर्च वजा जाता २९० उरत होते, तासाला पावणेपाचही नाही. नव्या हिशेबात ३८ तासांत ४४० उरले, तासाला साडेअकरा. ताईंना महिन्यातला एक रविवार मोकळा मिळाला.

सगळे मात्र नीट झाले नाही. मामेबहिणीशी एका केकचे बोलणे जुन्या दराने झाले होते, आकडा लिहिलेला नव्हता, आणि ताईंनी तिला नवा दर सांगितला. ती काही बोलली नाही, पण केक दुसरीकडून घेतला आणि पुढचे काही महिने दोघींत अंतर राहिले. तोंडी ठरले असले तरी ते ठरलेलेच होते, आणि ती ऑर्डर जुन्या दराने करून द्यायला हवी होती. यात माझाही दोष आहे. नवा तक्ता कोणत्या तारखेपासून लागू, हे मी त्यांना विचारलेच नव्हते.

काय वेगळे करता आले असते

वही पहिल्या ऑर्डरपासून ठेवता आली असती. आठवणीतून काढलेले तास थोडे फार चुकतात, आणि आमचे १९ तासही बहुधा कमीच धरले गेले आहेत. जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढीची महिनाभर आधी सूचना देता आली असती. साध्या केकची ४० टक्क्यांहून मोठी वाढ एकदम करण्याऐवजी दोन टप्प्यांत करावी का, यावर आमचे एकमत झाले नाही. मला टप्पे बरे वाटत होते. ताईंचे म्हणणे होते की दोनदा संकोच सहन करण्यापेक्षा एकदाच करावा. चार गिऱ्हाइके गेली ती कदाचित टप्प्यांनीही गेली असती.

जवळच्यांसाठी ताईंनी नंतर वेगळी रीत धरली. पूर्ण किंमत लिहायची आणि त्याखाली आपल्याकडून भेट म्हणून जी रक्कम सोडायची ती वेगळी लिहायची. मामेबहिणीच्या मुलाचा केक त्यांनी असाच दिला आणि अबोला तिथे सुटला.

सहाव्या महिन्यात रास्त वेळा पुन्हा तपासल्या तेव्हा साध्या केकला ताईंना अडीच तास पुरू लागले होते, म्हणजे ठरवलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास कमी. आता किंमत उतरवायची का, असे त्यांनी विचारले. मी शिक्षणाचा रकाना उघडून दाखवला. त्यात सहा महिन्यांचे ४१ तास होते, एकाही गिऱ्हाइकाकडून न घेतलेले. ताईंनी ते दोनदा मोजले, वही मिटली आणि तक्त्यातला ८५ चा आकडा तसाच ठेवला.